न उडणारा सोंड्या भुंगा कोकोच्या बागेत पसरतो कसा?

प्रश्न: पापुआ न्यू गिनीत कोकोवर पँटोऱ्हायटिस नावाचा सोंड्या भुंगा पडतो, पण त्याला उडताच येत नाही, मग अख्खी बाग कशी व्यापतो?

उत्तर १: चालत! म्हणून जंगलालगतच्या कडेच्या झाडांवर आधी दिसतो, मग फांद्या एकमेकींना टेकल्या की या झाडावरून त्या झाडावर, वेग कमी पण भुंगा महिनोन्महिने जगतो आणि मादी सालीच्या भेगांत अंडी घालत राहते त्यामुळे एकदा बस्तान बसलं की हटवणं फार अवघड.

उत्तर २: अळीचं पण बघा, फांद्या फुटतात तिथे सालीखाली बोगदे करते आणि त्यातून फायटोफ्थोरा हा बुरशीसारखा रोगजंतू शिरतो, झाड जातं ते बऱ्याचदा त्यानेच. मला हीच जास्त काळजी वाटते.

उत्तर ३: विणकर मुंग्या असतील तिथे भुंगे कमी राहतात, त्या मुंग्यांना प्लीज मारू नका.