खिडकीतून रुमाल टाकला की जागा आपली होते का?

माणदेशी: शनिवारी संध्याकाळी साताऱ्याहून दहिवडीची एसटी धरायची होती. सोबत आई, वय 71, मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन चार दिवस झालेले, डोळ्यांवर काळा चष्मा. गाडी फलाटाला लागायच्या आत पोरं बाजूने पळत सुटली आणि खिडक्यांतून रुमाल, टोप्या, कॉलेजच्या सॅक, एक भाजीची पिशवीसुद्धा आत पडली. दारात आम्ही दुसरे होतो, तरी आत एकही सीट मोकळी नव्हती. एक घामट रुमाल उचलून मी आईला बसवलं. दोन मिनिटांनी त्याचा मालक आला. "काका, रुमाल दिसत नाही का?" आजूबाजूचे तिघे त्याच्याच बाजूने बोलले. आई स्वतःहून उठली. विनाआरक्षण गाडीत जो आधी येऊन बसेल त्याची जागा. रुमाल प्रवासी नाही.

कोयनाकाठ: मला हे पटत नाही. कडेवर दोन वर्षांचं पोर, हातात दोन पिशव्या. दारातल्या रेटारेटीत कोपरं लागतात आणि नको तिथे हातही लागतात. भाऊ खिडकीतून पिशवी टाकतो म्हणून मी बसून जाते. मार्च 2023 पासून आम्हा बायकांना अर्धं तिकीट आहे, पण दारातून चढणं काही सोपं झालेलं नाही.

माणदेशी: ताई, तुमची एक पिशवी मी समजू शकतो. पण एकच पोरगा पाच मित्रांसाठी पाच वस्तू टाकतो, त्याचं काय? ज्याच्याकडे पळणारा माणूस आहे त्यालाच जागा मिळते. मी पळू शकलो असतो, पण मग आईचा हात कोणी धरायचा?

शिस्तप्रिय: मुंबईत बेस्टच्या थांब्यावर हीच माणसं मुकाट रांगेत उभी राहतात. इथेच का जमत नाही?

कोयनाकाठ: तिथे मागून दुसरी बस येते. आमच्याकडे मुक्कामी गाडी चुकली की रात्र स्टँडवर काढावी लागते. ती भीती पोटात असली की माणूस धावणारच.

माजी वाहक: बरीच वर्षं घंटीची दोरी हातात होती, म्हणून सांगतो. रुमालापेक्षा वाईट म्हणजे उतरणाऱ्यांना उतरू न देणं. आतली माणसं दारात अडकतात, बाहेरची पायरीवर लोंबकळतात, काही ड्रायव्हरच्या दारातून आत शिरतात. चेंगरतं ते म्हातारं आणि लेकुरवाळी. ज्येष्ठांच्या सीटवर रुमाल असला तर मी उचलून ज्याचा त्याच्या हातात द्यायचो, आणि म्हातारं माणूस बसल्याशिवाय गाडी सोडायची डबल बेल द्यायचो नाही. भांडणं व्हायची, गाडीला पाच मिनिटं उशीर व्हायचा. होऊ दे. माणदेशी, आईंना शेवटी जागा मिळाली का?

कोयनाकाठ: ज्येष्ठांच्या सीटचं मान्य. तिथे आमची पिशवी पडणार नाही, भावालाही सांगते. बाकीच्या सीटवर मात्र टाकणारच, दाराशी रांग लागेपर्यंत.

माणदेशी: मिळाली, कोरेगावच्या पुढे. तोवर ती दांडा धरून उभी होती, दर वळणाला दुसरा हात चष्म्यावर. उठली ती एक शाळकरी मुलगी. रुमालवाला खिडकीला डोकं टेकून झोपला होता.