पेकरमन यांनी रिकेल्मेला बाहेर का काढले?

रामबागकर (इंदूर):
२००६ च्या विश्वचषकातील जर्मनी-अर्जेंटिना उपांत्यपूर्व सामना नुकताच मुलाबरोबर पुन्हा पाहिला. ३० जूनच्या त्या रात्री आम्ही तो रामबागेतल्या घरी शेजाऱ्यांसह पाहिला होता, आणि शेवटच्या पेनल्टीनंतर कितीतरी वेळ कोणी जागचे उठले नव्हते. ४९ व्या मिनिटाला अर्जेंटिनाच्या आयालाने हेडरवर गोल केला होता आणि खेळाची सूत्रे रिकेल्मेच्या हाती होती. तरीही अर्जेंटिनाचे प्रशिक्षक होसे पेकरमन यांनी ७२ व्या मिनिटाला त्याच्या जागी काम्बियासोला आणि ७९ व्या मिनिटाला क्रेस्पोच्या जागी क्रूसला उतरवले. पुढच्याच मिनिटाला जर्मनीच्या क्लोसेने बरोबरी साधली. १९ वर्षांचा मेस्सी अखेरपर्यंत राखीव खेळाडूंत बसून राहिला. "बाबा, त्याला का नाही घेतलं?" या मुलाच्या प्रश्नावर मला नीट उत्तर देता आले नाही. जाणकारांनी सांगावे.

मैदानकाठी (इंदूर):
आपल्या वर्णनातून ७१ वे मिनिट सुटले आहे, आणि माझ्या मते सगळे तिथेच आहे. क्लोसेशी झालेल्या धडकेत गोलरक्षक अबोन्दान्झिएरी जखमी झाला आणि फ्रँकोला उतरवावे लागले. तेव्हा एका सामन्यात तीनच बदल करता येत. त्यातला एक असा नाइलाजाने खर्च झाला. मी आमच्या वसाहतीतल्या मुलांना फुटबॉल शिकवतो, म्हणून सांगतो की आघाडी असताना थकलेल्या खेळाडूला काढून मधली फळी भक्कम करणे हा भित्रेपणा नव्हे. रिकेल्मेबाबत मी पेकरमन यांना दोष देणार नाही. मात्र गोलरक्षक गेल्यावर शेवटचा बदल हातचा राखायला हवा होता. क्रूस उंच होता, हेडरवर उपयोगी पडला असता, हे मान्य. पण बरोबरी झाल्यावर, जादा वेळेची ३० मिनिटे समोर असताना, जर्मन बचाव मोडून काढू शकणारा मेस्सी बाहेर आणि बदल एकही शिल्लक नाही, अशी अवस्था झाली.

बडोद्याचा वाचक:
मला चूक त्याआधीची, संघनिवडीतली वाटते. पेकरमन यांनी १९९५, १९९७ आणि २००१ मध्ये अर्जेंटिनाला युवा विश्वविजेतेपद मिळवून दिले होते. रिकेल्मे आणि काम्बियासो हे त्यांच्या १९९७ च्या संघातले. अशा जुन्या विश्वासातून संघाची घडी चांगली बसते, आणि सर्बिया-माँटेनिग्रोवरच्या ६-० विजयात ती दिसलीही. पण झानेटीसारखा अनुभवी खेळाडू त्यांनी संघातच घेतला नाही, आणि बर्लिनमधल्या या सामन्यात उजव्या बगलेवर कोलोचिनी या मुळात मधल्या बचावपटूला खेळवावे लागले. याउलट जर्मनीचे प्रशिक्षक क्लिन्समन यांचे बदल पाहा: ७४ व्या मिनिटाला आलेल्या बोरोव्स्कीनेच बालाकचा क्रॉस डोक्याने क्लोसेकडे वळवला, आणि पुढे बोरोव्स्कीने व नॉयव्हिलने पेनल्टीही गोलात घातल्या.

रामबागकर (इंदूर):
दोघांचेही आभार. झानेटीचा मुद्दा पटतो, तरी झानेटी असता म्हणून तो हेडर अडला असता असे मला वाटत नाही. ७१ वे मिनिट मात्र मी खरोखरच विसरलो होतो, आणि एवढी वर्षे पेकरमन यांच्यावर थोडा अन्याय केला. पेनल्टींवर ४-२ अशा झालेल्या त्या पराभवात जर्मन गोलरक्षक लेमनने अडवलेल्या दोन पेनल्टींपैकी एक गोल करणाऱ्या आयालाची आणि दुसरी काम्बियासोचीच होती. सामन्यानंतर लगेच पेकरमन यांनी पद सोडले. येत्या रविवारी मुलाला ७१ ते ८० ही मिनिटे पुन्हा दाखवीन आणि फ्रँको मैदानात येतो तिथे थांबवून त्यालाच विचारीन की उरलेले दोन बदल त्याने कसे वापरले असते.