वही बंद केल्यावरचे पहिले तीन महिने : तुमचे अनुभव लिहा

आमचा छोटा छापखाना आहे, माणसं नऊ. गेल्या वर्षी ऑर्डरची वही बंद करून सगळं सॉफ्टवेअरवर नेलं. "आता किती सोपं झालंय" असं सांगणारे पुष्कळ भेटतात. पहिल्या तीन महिन्यांत काय काय झालं, ते मात्र कुणी सांगत नाही. म्हणून हा धागा. काय फसलं, कोण रुसलं, वही पुन्हा कधी उघडावी लागली, सगळं लिहा. सुरुवात मीच करतो.

आमच्या वहीत जुन्या गिऱ्हाइकांच्या ऑर्डरपुढे एकच शब्द असायचा : "नेहमीसारखं". सॉफ्टवेअरला नेहमीसारखं म्हणजे काय ते कळत नाही. कागद किती जीएसएमचा (म्हणजे किती वजनाचा), घडी कुठे, लॅमिनेशन चकचकीत की मॅट, प्रत्येक रकाना भरून हवा. आणि ही उत्तरं एकाच माणसाकडे होती, मशीनवरच्या काकांकडे. ते रोज दोन-तीन गिऱ्हाइकांचं सांगायचे आणि "काम पडलंय" म्हणून उठायचे. मला वाटलं, यांना संगणकाचाच तिटकारा. एकदा मशीन पुसता पुसता म्हणाले, "सगळं सांगून झालं की माझं काय उरलं?" मी गप्पच झालो. मग ठरवलं, "खास सूचना" हा रकाना काकांचा. त्यांना विचारल्याशिवाय त्यात कुणी हात घालायचा नाही. उरलेलं निम्मं काम चार दिवसांत झालं.

* * *

सुट्या भागांचा व्यापार, आम्ही दोघं भाऊ. आमचा घोळ एक्सेलमध्ये झाला. मालाचे काही कोड शून्यापासून सुरू होतात. यादी चिकटवली आणि ००७४५ चा ७४५ झाला. ७४५ नावाचा दुसराच भाग आधीपासून होता, त्यामुळे दोघांचा साठा एकत्र. सोळा आकडी अनुक्रमांकांचं तर आणखी वाईट : एक्सेल संख्येचे पंधराच आकडे धरून ठेवतं, सोळाव्याच्या जागी शून्य. रकाना आधी 'टेक्स्ट' करून मग चिकटवायचं, एवढंच करायला हवं होतं. पण ते कळेपर्यंत यादी सॉफ्टवेअरमध्ये चढलीही होती.

बारकोडवर आलो तेव्हा ही कटकट बरीच कमी झाली. तेरा आकडी बारकोडातला शेवटचा आकडा तपासणीचा असतो. पहिल्या बारा आकड्यांना आळीपाळीने १ आणि ३ ने गुणून बेरीज करतात आणि त्यावरून तो काढतात. एक आकडा चुकीचा टाइप झाला तर यंत्र लगेच नाकारतं. शेजारचे दोन आकडे उलटसुलट झाले तरी बहुतेक वेळा पकडलं जातं. फक्त त्या दोघांत ५ चा फरक असेल तर सुटतं. (धाकट्या भावाने कागदावर मांडून दाखवलं तेव्हा पटलं.) आमच्या घरगुती कोडांना असला पहारेकरी नव्हताच.

खरा धक्का मात्र मोजणीचा. दोन दिवस दुकान बंद ठेवून फळी न् फळी मोजली. वहीतली शिल्लक आणि फळीवरचा माल यांची भेटच होईना. दोष आम्ही आठवडाभर सॉफ्टवेअरला देत होतो.

* * *

मी हिशेब लिहिते, तीन लहान धंद्यांचे. दुहेरी नोंदीची पद्धत १४९४ साली वेनिसमध्ये छापून आली, संगणक तेच नावे-जमा करतो, त्यामुळे माझ्या पोटात कधी गोळा आला नाही. एकच सांगते. सगळे सल्ला देतात की जुनी वही आणि नवं सॉफ्टवेअर दोन महिने बरोबरीने चालवा. आम्ही चालवलं. दोन्हींचे आकडे पैन् पै जुळायचे, मालक खूश. नंतर कळलं, मुलं दिवसभर वहीत लिहीत आणि शनिवारी बसून तेच सॉफ्टवेअरमध्ये उतरवत. नक्कल अस्सलाशी जुळणारच की! आता मी सांगते : बिल सॉफ्टवेअरमधूनच निघालं पाहिजे, आणि वही कोणत्या तारखेला बंद होणार ते आधीच ठरलं पाहिजे.

* * *

फॅब्रिकेशनचं वर्कशॉप. आमच्याकडे रॅन्समवेअर शिरलं, म्हणजे फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस. बिल म्हणून आलेली ईमेलमधली फाईल कुणीतरी उघडली. बॅकअप होता हो, रोजचा! पण बॅकअपची डिस्क त्याच संगणकाला कायम जोडलेली. तीही कुलूपबंद झाली. तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, त्यांतली एक दुसऱ्या जागी, हा जुना नियम मला त्यानंतर कुणीतरी सांगितला. अपडेटही आम्ही महिनोन्‌महिने पुढे ढकलायचो. 'वॅनाक्राय' हा असाच व्हायरस मे २०१७ मध्ये जगभर पसरला, तेव्हा त्यावरचा मायक्रोसॉफ्टचा पॅच मार्चमध्येच आलेला होता. हे मी बातमीत वाचलं होतं आणि तरीही "नंतर आठवण करा" दाबत राहिलो.

वाचवलं कुणी? कार्बन घातलेल्या चलनबुकांनी. ती चालू ठेवल्याबद्दल मी स्टोअरच्या दादांना नावं ठेवत होतो. त्या चलनांवरून सहा आठवड्यांची येणी पुन्हा उभी केली, दादांच्याच शेजारी बसून.

* * *

शिवणकामाचं युनिट. सगळ्यांना एकच पासवर्ड. एक मुलगी नोकरी सोडून गेली, चार महिन्यांनी कळलं की तिच्या फोनवर आमच्या ऑर्डर अजून दिसतायत. तिनेच फोन करून सांगितलं, बिचारीने.

* * *

मी सुतारकामवाला. मी परत फळ्यावर आलो आणि त्याची मला लाज नाही. डिंकाच्या हाताने स्क्रीन चालत नाही. मापं व्हॉट्सअ‍ॅपवर यायची, काही बोलून पाठवलेली, काही फोटोत, आणि तीन जणांच्या तीन फोनमध्ये विखुरलेली. एक दार दोनदा झालं. आता भिंतीवर खडूने काम, तारीख आणि माप. संध्याकाळी फळ्याचा एक फोटो. बिलं तेवढी संगणकावर. याला डिजिटल म्हणा नाहीतर काही म्हणा.

* * *

सुतारदादा, म्हणायचं कशाला, चालतंय ना? आमचं ऐका. आमची दुरुस्ती-सेवा आहे. ज्या कंपनीचं सॉफ्टवेअर घेतलं होतं, तिने ते बंद केलं. सूचना रीतसर दिली, माहितीही परत दिली, पण पीडीएफमध्ये. प्रत्येक गिऱ्हाइकाची वेगळी फाईल, छान लोगोसकट. नव्या सॉफ्टवेअरमध्ये एक ओळही चढेना, हाताने टाइप करत बसलो. विकत घेण्याआधी दहा खोट्या नोंदी भरा, सीएसव्हीमध्ये (साधी ओळी-रकान्यांची फाईल, दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये चढते ती) बाहेर काढा आणि उघडून बघा. विकणारा टाळाटाळ करायला लागला तर तिथेच समजा.

* * *

धागाकर्ता पुन्हा. वरचं वाचून लगेच आमची माहिती सीएसव्हीमध्ये काढून बघितली. गिऱ्हाईक आलं, कागद आला, आकार आला. "खास सूचना" हा रकाना आलाच नाही. मदतकेंद्राला विचारलं, तर म्हणे तो रकाना तुम्ही स्वतः वाढवलेला आहे, वाढवलेले रकाने बाहेर निघत नाहीत.

आज संध्याकाळी एकेका गिऱ्हाइकाचं पान उघडून ते सगळं कागदावर छापतोय. मशीनवर काका आहेत. काही बोलले नाहीत, फक्त विचारलं, "बाइंडिंग कसलं करायचं?"