एकाच बिल्डिंगमध्ये, तेवढ्याच फ्लॅटला, मिळकतकर इतका वेगळा कसा?

चकलीभाजणी:
पुण्यातल्या जाणकारांना विचारतेय. सिंहगड रोडला २०२२ साली रीसेलचा टू बीएचके घेतला. इमारत जुनी, लिफ्ट मनात येईल तेव्हा चालते. मी घरूनच फराळाच्या ऑर्डरी घेते, त्यामुळे दिवसभर घरातच. यंदाचा मिळकतकर १६,१०० आला. इथला दर असेलच तेवढा, म्हणून दोन्ही वर्षं निमूट भरत होते. परवा खालच्या काकूंचं बिल ऑनलाइन भरून दिलं तर त्यांचं ९,७००! फ्लॅट तोच, बाल्कनी तीच, उलट त्यांनी ती बंद करून घेतलीय. आधीचे मालक इथे राहत नव्हते, कॉलेजची मुलं ठेवली होती. त्याचा काही संबंध?

जुना_सचिव:
ताई, संबंध आहे आणि तोच आहे. ९,७०० भागिले १६,१०० करून बघा, ०.६ येतं. म्हणजे काकूंना ४० टक्के सवलत आहे, तुम्हाला नाही.
१९७०च्या ठरावापासून पुण्यात मालक स्वतः राहत असेल तर करपात्र रकमेत ४० टक्के सूट मिळते. लेखापरीक्षणात आक्षेप निघाले, २०१८ला राज्य सरकारने ती बंद करायला लावली, मग ओरड झाली आणि २०२३ला सरकारनेच परत दिली. मधल्या सर्वेक्षणात जिथे भाडेकरू सापडले तिथली सवलत काढली होती. तुमच्या फ्लॅटमध्ये पोरं राहत होती, तेव्हा ती गेली हे योग्यच. पण मालक बदलला, राहायला कोण आलं, हे कार्यालयाला आपण कळवल्याशिवाय कसं कळणार? पीटी-३ अर्ज भरा, म्हणजे मालक स्वतः राहतो म्हणून सवलत मागायचा महापालिकेचा अर्ज.
आणि लोक म्हणतात, सवलत गेली म्हणजे बिल ४० टक्क्यांनी वाढलं. तसं नाही. ६० चे १०० होतात, म्हणजे दोन-तृतीयांश वाढ. काकूंच्या ९,७००वर तुमचे ६,४०० जास्त का, ते यात आलं.

चकलीभाजणी:
बाई गं, ६,४०० म्हणजे दिवाळीतल्या कितीतरी किलो चकल्या! काका, कागद काय लागतात? आणि बिल अजून आधीच्या मालकांच्याच नावाने येतंय, ते आधी बदलू का?

जुना_सचिव:
दोन्ही एकदमच करा. नावासाठी खरेदीखत आणि इंडेक्स टू, म्हणजे खरेदीच्या नोंदणीचा उतारा. पीटी-३ला सोसायटीचं पत्र, की या सदनिकेत मालक स्वतः राहतात. जोडीला मतदार ओळखपत्र, लायसन्स, पासपोर्ट, गॅसकार्ड, रेशनकार्ड यांपैकी इथल्या पत्त्याचं जे असेल ते. पुण्यात दुसरी मिळकत असेल तर तिच्या बिलाची प्रत. सगळं महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात द्यायचं आणि शिक्क्याची पोच घ्यायची. पोचेशिवाय जागचं हलू नका.
अर्ज दिलाय म्हणून बिल थांबवू नका मात्र. शास्ती, म्हणजे थकलेल्या करावरचा दंड, महिन्याला २ टक्के आहे आणि ती कुणाच्या अर्जासाठी थांबत नाही.

भाडेकरूचा_मालक:
माझा वेगळाच त्रागा. फ्लॅट भाड्याने दिला म्हणून मी पूर्ण कर भरायचा. कचरा तेवढाच, रस्ता तोच, पाणी तेवढंच. मग मला शिक्षा कसली?

जुना_सचिव:
शिक्षा कसली? मुळात आकारणी होते ती त्या जागेला वर्षाला किती भाडं येऊ शकेल यावर. तुमचा आकडा मूळचा आहे, राहणाऱ्याला त्यात सूट दिलीय. तुम्हाला भाडं मिळतं, ताईंना मिळत नाही. खरा अन्याय बघायचा तर जुन्या आणि नव्या इमारतींत बघा. जुन्यांची आकारणी जुन्याच दराने चालू राहते, शेजारच्या नव्या टॉवरला आजचा दर. तिथे लोक स्वतः राहत असूनही बिल बघून डोळे पांढरे होतात. त्यावर कुणी बोलत नाही, कारण मतं जुन्या इमारतींत जास्त.

लोअरपरळकर:
आमच्या मुंबईत सगळंच निराळं. २०१०पासून कर भाड्यावर नाही, भांडवली मूल्यावर म्हणजे जागेच्या किमतीवर, आणि २०२२पासून ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना माफी. माझं घर ५१२. वर्षातून एकदा त्या १२ फुटांकडे बघत बसतो.

भाडेकरूचा_मालक:
५१२ 😂 कपाट भिंतीत ढकला साहेब.
सचिव काका, भाडेकरू ठेवूनही सोसायटीकडून राहत असल्याचं पत्र आणणारे आहेत, त्यांचं काय?

जुना_सचिव:
मी सचिव असताना दोघांनी मागितलं होतं. दोघांनाही नाही म्हटलं. भाडेकरार नोंदवलेला असतो, पोलिस व्हेरिफिकेशन झालेलं असतं. खोट्या पत्रावर सही माझी, चहा तुमचा, हे कसं जमायचं?

चकलीभाजणी:
😄 काका, आमचे सचिव मुलाकडे अमेरिकेत गेलेत, दिवाळीनंतर येणार. तोवर थांबू का? आणि मागच्या दोन वर्षांचे जास्तीचे पैसे?

जुना_सचिव:
थांबू नका. अध्यक्षांच्या सहीचं पत्र घ्या, लेटरहेडवर, शिक्क्यासकट. मागच्या वर्षांची मागणी त्याच अर्जासोबत वेगळ्या पत्राने लेखी करा. खरेदीखताची तारीख आणि गॅसचं कनेक्शन इथे कधी आलं ते दाखवा, म्हणजे कधीपासून राहताय हा वाद उरत नाही. तोंडी विचारलंत तर तोंडीच उत्तर मिळेल. आणि आधीच्या मालकांची थकबाकी नव्हती ना? ती मिळकतीवरच बसते, विकणाऱ्याबरोबर जात नाही.

चकलीभाजणी:
थकबाकी नव्हती, व्यवहाराच्या वेळी पावत्या घेतल्या होत्या. अध्यक्ष आमच्याच मजल्यावर राहतात, संध्याकाळी चिवडा घेऊन जाते.

जुना_सचिव:
पत्र आधी, चिवडा नंतर.