लिहिलं, आणि पुढे काय झालं? तुमचे अनुभव सांगा

गेल्या आठवड्यात मैत्रिणीने विचारलं, "दवाखान्यात फार वाईट वागवलं गं. फेसबुकवर लिहू का? अब्रुनुकसानीचा दावा तर नाही ना लावणार?" मला सरळ उत्तर देता आलं नाही, म्हणून हा धागा. लिहून अडकलेल्यांनी सांगा, आणि दुसऱ्याच्या लिहिण्यामुळे ज्यांचं नाव खराब झालं त्यांनीही सांगा. समोरच्यांची नावं मात्र नकोत.

माझ्यापासून सुरुवात करते. फ्लॅटचा ताबा 14 महिने लांबला होता. भाडंही चालू आणि बँकेचा हप्ताही. एका रात्री लिहून टाकलं, "बिल्डर चोर आहे, याच्याकडे कुणी घर घेऊ नका." दहाव्या दिवशी वकिलाची नोटीस आली. आईने ती वाचली आणि देवघरात जाऊन बसली. माझ्या वकीलबाई म्हणाल्या, "तो चोर आहे हे तुम्हाला सिद्ध करावं लागेल. करारनाम्यातली ताब्याची तारीख सिद्ध करायला काय लागतं? खाली त्याचीच सही आहे." पोस्ट काढली, नवी लिहिली. ताब्याची तारीख, आजची तारीख, भरलेले पैसे, महारेराकडे (बिल्डरांवर लक्ष ठेवणारं सरकारी प्राधिकरण) तक्रार केल्याचा दिवस. एकही विशेषण नाही. त्यावर नोटीस आली नाही.

पुढे 2025 मध्ये बोरिवलीच्या घरखरेदीदारांचा निकाल वाचला. त्यांनी तक्रारींचा फलक लावला होता आणि बिल्डरने फौजदारी बदनामीची तक्रार केली होती. सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. फलकावर फसवणूक, अफरातफर असे शब्द नव्हते, याची कोर्टाने मुद्दाम नोंद घेतली. वकीलबाई तेच सांगत होत्या.

झेडपीची बाई:
मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. 18 सेकंदांचा व्हिडिओ, त्यात मी एका मुलाचा दंड धरून त्याला ओढतेय. त्याआधी तो वऱ्हांड्याच्या कठड्यावर चढला होता, ते व्हिडिओत नाही. पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वर ओळ होती, "मारकुट्या बाईंना हाकला." दुपारी अडीचला ग्रुपवर, पाचला माझ्या सासरच्या गावात. सासूबाईंनी काही विचारलं नाही, पण जेवायला वाढताना माझ्याकडे बघितलंही नाही.

पोलीस ठाण्यात म्हणाले, बदनामी अदखलपात्र आहे, म्हणजे मॅजिस्ट्रेटच्या हुकमाशिवाय आम्ही तपास करू शकत नाही; एनसी, म्हणजे नुसती नोंद, घेतो, पुढे मॅजिस्ट्रेटकडे जा. मी गेले नाही. तीन आठवड्यांनी केंद्रप्रमुखांच्या चौकशीत माझी चूक नसल्याचं लेखी मिळालं. ज्या पालकांनी व्हिडिओ टाकला त्यांनी तोपर्यंत तो सगळ्यांसाठी डिलीट केला होता, पण पुढे गेलेल्या प्रती त्याने पुसल्या जात नाहीत. चौकशीचं पत्र मीच ग्रुपवर टाकलं. दोघांनी जोडलेले हात पाठवले. व्हिडिओ अजून दुसऱ्या गावांत फिरतोय. मला कुणाला तुरुंगात पाठवायचं नव्हतं. जिथं व्हिडिओ गेला तिथं ते पत्र जावं, एवढंच हवं होतं.

वसईकर:
बाई, वाचून पोटात तुटलं. तरी कायदा आणखी कडक करा असं कुणी म्हटलं की मला भीती वाटते. नोव्हेंबर 2012 मध्ये मुंबई बंदबद्दल लिहिलं म्हणून पालघरच्या मुलीला अटक झाली, तिची पोस्ट लाईक करणाऱ्या मैत्रिणीलाही. मी तेव्हा कॉलेजात होते. बाबांनी शेजारी बसून माझा एकेक लाईक काढायला लावला. ऑनलाइन लिहिण्यावरून अटक करता येणारं आयटी कायद्यातलं कलम 66अ 24 मार्च 2015 ला सर्वोच्च न्यायालयाने रद्द केलं, ते मला फोन करून बाबांनीच सांगितलं.

माजी ॲडमिन:
सदस्याच्या मजकुराला ॲडमिन आपोआप जबाबदार नसतो, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2021 मध्ये गोंदियाच्या प्रकरणात म्हटलं. मी तेवढंच लक्षात ठेवलं. सोसायटीच्या ग्रुपवर रात्री कुणीतरी वॉचमनचा फोटो टाकला, "सिलिंडर यानेच नेला." मी सकाळपर्यंत काढला नाही. सिलिंडर दुसऱ्या विंगमध्ये सापडला. वॉचमन तोपर्यंत सामान बांधून गावी गेला होता. त्याचा नंबर लागत नाही.

ठाण्याहून:
ऑफिसात वरिष्ठाने केलेल्या त्रासाबद्दल मी लिहिलं, भीतीपोटी नाव न घेता. लोकांनी अंदाज बांधला आणि तो भलत्याच माणसावर गेला, ज्यांनी मला कायम सांभाळून घेतलं त्यांच्यावर. त्यांच्या मुलीला शाळेत कुणीतरी विचारलं. मी त्यांच्या घरी जाऊन माफी मागितली. त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "इथे नको, तिथेच लिही."

लैंगिक छळाबद्दल लिहिलं म्हणून बदनामीच्या खटल्यात अडकलेल्या पत्रकार प्रिया रमाणींना 17 फेब्रुवारी 2021 ला दिल्लीच्या कोर्टाने निर्दोष सोडलं, तो निकाल मी पुन्हा वाचला. ऑफिसातल्या अंतर्गत तक्रार समितीकडे तक्रार दिली. मग तारखा, मेसेज सगळं जुळवून खऱ्या माणसाचं नाव लिहिलं. परवाच त्याच्या वकिलाचा फोन येऊन गेला. फाईल तयार आहे.