मदत हवी आहे : लिझार्ड कॅनरी, सांगलीचा उन्हाळा आणि पिल्लं अंड्यातच मरणं

लिझार्ड ही पाठीवर ठिपक्यांची नक्षी असलेली कॅनरी पक्ष्याची जात. माझी जोडी गोल्ड (गडद सोनेरी) नर आणि सिल्व्हर (फिकट झाकेची) मादी, नात्यातले नाहीत. सातव्या दिवशी टॉर्चवर पाहिलं तर अंड्यांत शिरा स्पष्ट दिसतात, म्हणजे फलन चांगलं आहे. पण मार्च-एप्रिलच्या घालणीत तेराव्या-चौदाव्या दिवशी पूर्ण वाढलेलं पिल्लू आतच मेलेलं निघतं. फेब्रुवारीच्या घालणीत हा त्रास नाही, त्यामुळे माझा संशय कोरड्या हवेवर आहे.

पहिली तीन अंडी काढून खोटी ठेवतो, चौथ्या दिवशी सगळी एकदम परत देतो. समुद्रफेस (कॅल्शियमसाठी), एगफूड (अंड्याचं खाद्य), मादीला रोज आंघोळीचं पाणी, खिडकीला ओलं गोणपाट, सगळं करून झालं. माइट (रक्त पिणारे बारीक कीटक) नाहीत. खोली गच्चीवर आहे, एसी शक्य नाही, वीज जाते.

आता घालणी नोव्हेंबरात आणायचा विचार आहे. डिसेंबरात इथे दिवस जेमतेम ११ तासांचा, आणि कॅनरी मोठ्या दिवसातच विणीला येतात, म्हणून बल्बने १४ तासांपर्यंत न्यावं लागेल. अडचण अशी की पिल्लांची पहिली पिसंझड आणि ठिपके त्याच मोसमात ठरतात, आणि उजेड कमी झाला की पिसंझड सुरू होते. पंखाचं एखादं पीस गळून नवं आलं तर टोक पांढरं येतं आणि पक्षी प्रदर्शनातून बाद.

उजेड आठवड्याला किती मिनिटं वाढवावा, आणि पिल्लांची पिसं पूर्ण येईपर्यंत तो १४ तासच ठेवावा की आधी कमी करावा?