प्राध्यापकांची मेल आली, पोर्टल मात्र जैसे थे

नमस्कार मंडळी. पुण्यातून अमेरिकेत केमिस्ट्रीच्या पीएचडीसाठी अर्ज केलेत. काल पहाटे एका प्राध्यापकांची मेल आली. विभागाने माझ्या प्रवेशाची शिफारस केलीय आणि मार्चमधल्या व्हिजिटला (विभागाच्या भेटीच्या कार्यक्रमाला) ऑनलाइन ये, असं लिहिलंय. विद्यापीठाच्या अर्जाच्या पोर्टलवर अजून 'अंडर रिव्ह्यू'च. आई पेढे आणायला निघाली होती, मीच थांबवलं. पक्कं समजू का?

उत्तर १
अगं, मनापासून अभिनंदन! पीएचडीला खरी निवड विभागाची समिती करते. मग ग्रॅज्युएट स्कूल, म्हणजे विद्यापीठाचं पदव्युत्तर प्रवेश बघणारं कार्यालय, मार्कशीट, टोफेल वगैरे तपासून शिक्कामोर्तब करतं, पोर्टल त्यानंतर बदलतं. म्हणून 'शिफारस' या शब्दाला वजन आहे. नुसतं मुलाखतीचं बोलावणं असतं तर मी इतक्या खात्रीने बोललो नसतो, मुलाखतीनंतरही बऱ्याच जणांना नकार येतो. तरी अधिकृत पत्राशिवाय आय-२० (विद्यार्थी व्हिसासाठी लागणारा विद्यापीठाचा फॉर्म) मिळत नाही, तेव्हा नोकरीचा राजीनामा आत्ताच देऊ नकोस.

उत्तर २
स्टायपेंड किती, फी माफ आहे का, किती वर्षं, हे लेखी आलंय का? नसेल तर विभागाच्या कोऑर्डिनेटरना नम्रपणे विचार. यात संकोच कसला!

उत्तर ३
आणि घाईने 'हो' कळवू नकोस. कौन्सिल ऑफ ग्रॅज्युएट स्कूल्स या विद्यापीठांच्या संघटनेच्या ठरावावर सही केलेली विद्यापीठं फंडिंगच्या ऑफरला १५ एप्रिलआधी उत्तर द्यायची सक्ती करू शकत नाहीत. यादीत तुझं विद्यापीठ आहे का बघ.

प्रश्नकर्ती
खूप आभार सगळ्यांचे. स्टायपेंडचा उल्लेख मेलमध्ये नाही. आज रात्री कोऑर्डिनेटरना लिहिते.